वादळाच्या आधी जुनी जीप कशी सांभाळावी



आपल्या कोकणात पुष्कळ गावांत एखादी तरी जुनी जीप असते. कोणाच्या आजोबांनी घेतलेली, कोणाच्या वडिलांनी घेतलेली. वैशाखात आंब्याच्या पेट्या तीच वाहते. रात्री-अपरात्री अडलेल्या बाईला दवाखान्यात तीच पोचवते. गावातल्या लग्नात नवरदेव तिच्यातूनच मिरवतो. बाजारात तिची किंमत थोडी येईल, पण घराला आणि गावाला तिची किंमत मोठी असते.

अशी गाडी मोडली तर दुसरी आणणे सोपे नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली. त्या काळातल्या जीपचे सुटे भाग आता प्रत्येक दुकानात मिळत नाहीत. अँबॅसिडर मोटार २०१४ सालापासून बनत नाही. पद्मिनी मोटार तर त्याच्याही आधी बंद झाली. सरकारनेही अशा जुन्या गाड्यांचे मोल ओळखले आहे. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात ठेवलेल्या मोटारींसाठी २०२१ साली वेगळ्या नोंदणीचा नियम झाला.

म्हणून जुनी गाडी जपावी. पण ती कधी जपायची आणि कुठपर्यंत जपायची, हे या पाठात शिकायचे आहे.

वादळ म्हणजे काय?

समुद्रावर हवेचा दाब कमी झाला की चारी बाजूंनी वारा तिकडे धावतो. तो गोल गोल फिरू लागतो. आपल्याकडे तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. यालाच आपण चक्रीवादळ म्हणतो. अमेरिकेच्या किनाऱ्यावर याच वादळाला हरिकेन म्हणतात. चीन-जपानकडे टायफून म्हणतात. नावे वेगळी, वादळ एकच.

अरबी समुद्रात अशी वादळे मुख्यतः मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये होतात. १ जून २०२० रोजी अरबी समुद्रात असा एक दबाव तयार झाला. २ जूनला त्याचे चक्रीवादळ झाले. ३ जूनला दुपारी ते रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या दक्षिणेस श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढले. त्याचे नाव निसर्ग. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. घरांचे पत्रे उडाले. विजेचे खांब मोडले. कित्येक गावे पुष्कळ दिवस अंधारात राहिली.

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले. ते कोकणात जमिनीवर चढले नाही. किनाऱ्याच्या कडेकडेने वर गेले आणि १७ मेच्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर चढले. तरीसुद्धा रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत झाडे पडली, घरे उघडी झाली. तेव्हा “वादळ आपल्या गावावरून जात नाही, लांबून जातंय” असे म्हणून स्वस्थ बसू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. निसर्ग वादळ समुद्रात तयार झाल्यापासून जमिनीवर येईपर्यंत जेमतेम दोन-अडीच दिवस लागले. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही. गाडी कुठे ठेवायची ते वादळाचा हंगाम येण्यापूर्वीच ठरलेले हवे.

गाडीचे तीन शत्रू

पहिला शत्रू वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात छत्री उलटी होते. ताशी १२० किलोमीटरचा वारा त्याच्या चौपट जोराने ढकलतो. जीपवरचा ताडपत्रीचा टप अशा वाऱ्यात शिडासारखा फुगतो. तो फाटतो, आणि फाटण्याआधी गाडीला हिसके देतो.

दुसरा शत्रू पडणाऱ्या आणि उडणाऱ्या वस्तू. नारळ, आंब्याच्या फांद्या, कौले, पत्रे, विजेचा खांब, जांभ्या दगडाचा गडगा. एरवी आपण गाडी झाडाच्या सावलीत लावतो. वादळात तीच सावली गाडीवर कोसळते.

तिसरा शत्रू पाणी, आणि तो सर्वांत वाईट. वादळ समुद्राचे पाणी किनाऱ्यावर लोटते. त्याच वेळी भरती असली तर पाणी आणखी चढते. निसर्ग वादळाच्या वेळी नेहमीच्या भरतीपेक्षा एक ते दोन मीटर उंच पाणी येईल, असा हवामान खात्याचा इशारा होता. दोन मीटर म्हणजे माणसाच्या डोक्यावरून पाणी. शिवाय वरून पाऊस, आणि खाडीतून पाणी मागे हटत नाही.

वाहत्या पाण्याची ताकद दिसते त्याहून मोठी असते. एक फूट वाहते पाणी लहान मोटार उचलू शकते. दोन फूट वाहते पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. मग ती जीप असो की टेम्पो.

त्यात समुद्राचे पाणी खारे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. पाणी ओसरते, पण मीठ लोखंडाच्या सांधीत बसून राहते. ते हवेतला ओलावा धरून ठेवते आणि लोखंड गंजवते. वरून रंग चांगला दिसतो, आतून पत्रा खाल्ला जातो.

एक दूरची गोष्ट ऐका. २८ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर इयान नावाचे हरिकेन चढले. नेपल्स या गावी एक अतिशय महागडी मोटार घराच्या गॅरेजमध्ये बंद करून ठेवलेली होती. गॅरेज होते, दार होते. पण जागा समुद्राच्या पाण्याच्या वाटेवर होती. पाण्याने ती मोटार गॅरेजमधून बाहेर वाहून नेली. यावरून काय शिकायचे? आधी उंच जागा बघावी, मग छप्पर बघावे.

कोणत्या दिवशी काय करावे?

हवामान खाते वादळाच्या सूचना टप्प्याटप्प्याने देते. सुमारे ७२ तास आधी पहिली सूचना, ४८ तास आधी सावधानतेची, २४ तास आधी इशारा, आणि १२ तास आधी शेवटची. सूचनेबरोबर रंगही सांगतात. हिरवा म्हणजे भीती नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. आता आपल्याला वाचता येते. मोबाईलवर आलेली सूचना स्वतः वाचा. कोणी सांगितले म्हणून घाबरू नका आणि कोणी सांगितले म्हणून निर्धास्तही राहू नका.

तीन दिवस आधी. जागा पक्की करा. पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावर वर ओढून घेतात ना? तसेच गाडीचे. खाडी, नदी आणि ओढा यांपासून लांब, उंचावरची जागा हवी. सिमेंटच्या स्लॅबची पक्की इमारत असेल तर उत्तम. स्वतःची नसेल तर शेजाऱ्याला विचारा, ग्रामपंचायतीला विचारा. मात्र लोकांना आसऱ्यासाठी ठेवलेली जागा गाडीने अडवू नका. पत्र्याची शेड टाळा. पत्रा सुटला की तोच गाडी कापतो.

पक्की इमारत नाहीच मिळाली तर मोकळ्या उंच जागी, भक्कम भिंतीच्या आडोशाला गाडी ठेवा. झाड जितके उंच, त्याहून जास्त अंतर झाडापासून सोडा. विजेच्या तारेखाली ठेवू नका. गावातला रस्ता अडेल अशी ठेवू नका. वादळानंतर रुग्णाची गाडी त्याच रस्त्याने यायची असते.

दोन दिवस आधी. टाकी भरून घ्या. वादळानंतर वीज नसली की पेट्रोल पंपही बंद राहतात. गाडीचे फोटो चारी बाजूंनी आणि आतून काढून ठेवा. नोंदणीचे पुस्तक, विम्याचा कागद आणि लायसन प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरात उंच जागी ठेवा. गाडीत ठेवू नका.

एक दिवस आधी. गाडी ठरलेल्या जागी नेऊन लावा. मग ही कामे एकेक करा.

१. ताडपत्रीचा टप, आरसे, सुटी चटई, सुटे सामान काढून घरात ठेवा.
२. गाडी गिअरमध्ये ठेवा. हँडब्रेक ओढा. चारही चाकांना पुढून-मागून दगड लावा. गाडी जॅकवर उभी ठेवू नका.
३. बॅटरीच्या तारा सोडा. जी तार गाडीच्या बॉडीला जोडलेली आहे ती आधी सोडा. जमल्यास बॅटरी काढून वर ठेवा.
४. सायलेन्सरचे तोंड आणि एअर क्लीनर प्लास्टिकने घट्ट बांधा.
५. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा, “सायलेन्सर बांधला आहे. सोडल्याशिवाय गाडी चालू करू नये.” हा कागद स्टिअरिंगला बांधा. घाईत माणूस विसरतो, कागद विसरत नाही.
६. गाडीवर सैल ताडपत्री टाकू नका. वाऱ्यात ती फडफडते, रंग खरवडते आणि शेवटी उडून दुसऱ्याच्या घरावर जाते.
७. काचांवर चिकटपट्ट्या लावण्यात वेळ घालवू नका. त्याने काच फुटायची थांबत नाही.

शेवटचे बारा तास. आता गाडीचे काम संपले. राहिले असेल तर राहू द्या. आता म्हातारी माणसे, लेकरे, गुरे आणि पिण्याचे पाणी यांच्याकडे बघा. सरकारी माणसे सुरक्षित जागी चला म्हणाली तर लगेच निघा.

वादळ चालू असताना

या भागात एकच नियम आहे. गाडीसाठी घराबाहेर पाऊल टाकायचे नाही.

वादळाच्या मधोमध एक शांत जागा असते. तिला वादळाचा डोळा म्हणतात. तो गावावर आला की वारा एकदम पडतो. पाऊसही थांबतो. कधी आभाळ उघडते. मग घरातला तरणा मुलगा म्हणतो, “आई, वारा पडला. जीपवर काय पडलंय ते बघून येतो.”

त्या वेळी आईने म्हणावे, “अरे बाबा, थांब. वारा पडला म्हणजे वादळ संपलं असं नाही. अजून उलटा वारा यायचा आहे.”

आईचे म्हणणे खरे आहे. डोळा पुढे सरकला की वारा पुन्हा सुटतो, आणि आधीच्या उलट दिशेने सुटतो. पहिल्या वाऱ्याने खिळखिळी झालेली झाडे आणि भिंती या दुसऱ्या वाऱ्यात पडतात. जो बाहेर गेला तो त्यांच्याखाली सापडतो. रेडिओवर किंवा मोबाईलवर वादळ गेल्याची सूचना येईपर्यंत दाराची कडी काढू नका. जीपला टोचा पडला तर पत्रा ठोकता येतो. घरातला माणूस गेला तर कोणता मेस्त्री त्याला उभा करील?

दुसरी गोष्ट. वादळात कोणी गाडीतच बसून राहू नये. गाडी वाचवायला म्हणून पाण्यातून चालवतही नेऊ नये. रस्त्यावर पाणी किती खोल आहे, खालचा रस्ता वाहून गेला आहे की काय, हे वरून दिसत नाही.

वादळ गेल्यावर

आधी लांबून बघा. गाडीवर विजेची तार पडली असेल तर गाडीला हात लावू नका. वीज गेलेली असली तरी तार जिवंत असू शकते. वीज कंपनीला कळवा आणि इतरांना लांब ठेवा.

गाडीत पाणी शिरले होते का, ते पाहा. आतल्या बाजूला पाण्याची रेघ दिसते. ऑइल मोजायची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर इंजिनात पाणी गेले आहे.

अशा वेळी पुष्कळ लोक काय करतात? “चालू होते का बघू” म्हणून चावी फिरवतात. हेच करू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. इंजिनात पाणी असताना ते फिरवले तर आतला दांडा वाकतो किंवा तुटतो. पाण्याने जे वाचवले होते ते आपण मोडतो.

मग काय करावे? बॅटरी सुटलेलीच राहू द्या. खारे पाणी लागले असेल तर लवकरात लवकर गोड्या पाण्याने गाडी खालून-वरून धुवा. चाकांच्या आत आणि चॅसिसच्या सांधीत पाणी मारा. इंजिनाच्या तोंडांत मात्र पाणी जाऊ देऊ नका. गाद्या आणि चटया बाहेर काढून उन्हात टाका. मेस्त्रीला बोलवा. तो इंजिनाचे, गिअरचे आणि मागच्या धुऱ्याचे ऑइल काढून नवे घालील. पेट्रोल गाडी असेल तर प्लग काढून, हँडल हळूहळू फिरवून पाणी बाहेर काढील. डिस्ट्रिब्यूटर वाळवील. चाकांच्या बेअरिंगला नवे ग्रीस भरील. ब्रेक तपासील. डिझेल गाडीचे काम घरी करायला जाऊ नका. खारे पाणी लागलेल्या गाडीला चार दिवसांचा उशीरही महाग पडतो.

बंद खोलीत गाडी चालू ठेवून वाळवू नका. तिच्या धुरात विषारी वायू असतो. त्याला वास नसतो. माणूस झोपल्यासारखा पडतो आणि उठत नाही.

आता खेड्यांतही विजेवर चालणाऱ्या स्कूटर आल्या आहेत. त्यांची बॅटरी खाऱ्या पाण्यात बुडाली तर पुढे काही दिवसांनीही आग लागू शकते. फ्लोरिडात इयान हरिकेननंतर विजेवर चालणाऱ्या काही मोटारींना अशाच आगी लागल्या. म्हणून भिजलेली स्कूटर चार्ज करू नका. ती घरात किंवा घराच्या भिंतीला लागून ठेवू नका. पन्नास फूट लांब, मोकळ्यावर ठेवा.

विम्याची गोष्ट

“मास्तर, माझ्या गाडीचा विमा आहे. मग भ्यायचं कशाला?” असे कोणी म्हणेल.

दादा, तुमचा विम्याचा कागद एकदा वाचून पाहा. कायद्याने सक्तीचा असलेला विमा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. तुमच्या गाडीने कोणाला धक्का लागला तर तो पैसे देतो. तुमच्या गाडीवर नारळाचे झाड पडले तर तो एक पैसाही देत नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीचे नुकसान धरणारा विमा वेगळा घ्यावा लागतो. जुन्या गाडीची किंमत किती धरायची, ते विमा घेतानाच कंपनीशी बोलून ठरवावे आणि लिहून घ्यावे. नुकसान झालेच तर गाडी हलवण्यापूर्वी फोटो काढा आणि विमा कंपनीला लगेच कळवा. वादळ डोक्यावर आल्यावर नवा विमा मागायला जाऊन उपयोग नाही. हा कागद आज वाचायचा असतो.

थोडक्यात सांगायचे तर असे. गाडी वादळाच्या आधी सांभाळावी. वादळात माणसे सांभाळावी. वादळानंतर पुन्हा गाडीकडे वळावे. हा क्रम उलटा झाला की घर बुडते. क्रम बरोबर राहिला तर आजोबांची जीप पुढच्या वैशाखात पुन्हा आंबे घेऊन बाजारात जाईल, आणि ती चालवणाराही जागेवर असेल.

आता हे करून पाहा

१. वादळाच्या डोळ्यात वारा पडतो. तेव्हा बाहेर का जाऊ नये?
२. इंजिनात पाणी गेले असता चावी का फिरवू नये?
३. पिवळा, नारिंगी आणि लाल या रंगांचे अर्थ वहीत लिहा.
४. आपल्या गावातली उंच आणि पक्की जागा कोणती? गाडी, मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर कुठे ठेवाल ते घरात सर्वांना विचारून ठरवा आणि लिहून भिंतीवर लावा.
५. आपल्या गाडीच्या विम्याचा कागद काढा. त्यात स्वतःच्या गाडीचे नुकसान धरले आहे का, ते स्वतः वाचा. न समजल्यास वर्गात घेऊन या.